परिचारिका-शिक्षणातील दृक्‌श्राव्य साधने आणि महाड-पोलादपूरचा डोंगरी मुलूख



रुग्णाच्या उशाशी सर्वाधिक वेळ कोण असते, या प्रश्नाचे उत्तर जगात सर्वत्र एकच आहे : परिचारिका. डॉक्टर येतात, तपासतात, औषध लिहून देतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. मध्यरात्री रुग्णाचा श्वास बदलला, ओठ निळसर झाले, हातपाय गार पडले, तर ते प्रथम तिच्या लक्षात येते, किंवा येत नाही. या ‘येते’ आणि ‘येत नाही’ यांमधील अंतर पुष्कळदा एका जिवाएवढे असते. ते अंतर शिक्षणाने भरून काढावयाचे असते. हे शिक्षण आज कसे दिले जाते, त्यात कॅमेरा, ध्वनिमुद्रण आणि पडदा यांचा वाटा किती, आणि महाड-पोलादपूरसारख्या भागाला त्यातून काय घेता येईल, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

महाड आणि पोलादपूर हे सावित्रीच्या खोऱ्यातील दोन तालुके. एका बाजूस वरंधा, दुसऱ्या बाजूस आंबेनळी, दक्षिणेस कशेडी असे घाट, आणि मधून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग. महाड आणि पोलादपूर येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. बिरवाडी, वरंध, पाचाड, पितळवाडी, पळचिल अशी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. परंतु जिल्ह्याचे मुख्य रुग्णालय अलिबागला, म्हणजे पोलादपूरपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात दरड कोसळली, पुलावरून पाणी गेले की हे अंतर किलोमीटरात मोजता येत नाही. अशा वेळी वाडीवस्तीवरच्या रुग्णापाशी प्रथम पोहोचते ती उपकेंद्रातील नर्सबाई, आणि रुग्णालयाच्या दारात प्रथम सामोरी येते ती पाळीवरची सिस्टर. शहरात परिचारिकेच्या पाठीशी विशेषज्ञ उभा असतो. डोंगरात काही काळ तरी ती एकटी असते. म्हणूनच तिला एकटीने निर्णय घेण्याचा सराव आधीच झालेला असणे, ही येथील मोठी गरज आहे.

हा सराव करावयाचा कोणावर? जिवंत रुग्णावर पहिला प्रयोग करणे न्याय्य नव्हे, आणि प्रयोग केल्यावाचून हात बसत नाही. हा पेच जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्या’ म्हणजे सराव या विषयावर स्वतंत्र अध्याय आहे. छेद घेण्याचा सराव भोपळा, काकडी, कलिंगड अशा फळांवर करावा, भेदनाचा सराव पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर करावा, आणि पट्टी बांधण्याचा सराव मानवाकृती पुतळ्यावर करावा, असे त्यात सांगितले आहे. पुष्कळ शास्त्र वाचूनही ज्याने हा सराव केला नाही तो प्रत्यक्ष कर्मास अपात्र, असा त्या अध्यायाचा अभिप्राय आहे.

युरोपात अठराव्या शतकात फ्रान्सच्या राजाने मादाम द्यु कुद्रे या सुईणीस गावोगावी जाऊन प्रसूतिविद्या शिकविण्याची आज्ञा १७५९ मध्ये दिली. खेड्यातील अक्षरशत्रू स्त्रियांना ग्रंथ उपयोगी नव्हता. या बाईंनी कापड, चामडे आणि भरण यांचा मातेच्या कटिभागाचा आणि बाळाचा पुतळा शिवून घेतला, आणि त्यावर हजारो स्त्रियांना बाळ कसे फिरवावे, कसे झेलावे हे शिकविले. त्यांपैकी एक पुतळा फ्रान्समधील रूआं शहरातील संग्रहालयात आजही जतन केलेला आहे. पुढे १९११ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचारिका विद्यालयासाठी मार्था चेस या बाहुल्या बनविणाऱ्या बाईंनी माणसाच्या उंचीची बाहुली घडविली. विद्यार्थिनी तिला ‘मिसेस चेस’ म्हणत. खाटेवर कूस बदलणे, कपडे बदलणे, अंग पुसणे हे सारे तिच्यावर शिकविले जाई. १९६० मध्ये नॉर्वेतील खेळणी बनविणारे आस्मुंड लेर्डाल यांनी तोंडाने श्वास देणे शिकविण्यासाठी ‘रेसुसी अ‍ॅन’ हा पुतळा आणला. हृदय बंद पडलेल्या माणसास वाचविण्याचे शिक्षण त्यानंतर जगभर सामान्य माणसापर्यंत गेले. या साऱ्या इतिहासात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सुईण, बाहुलीकार, खेळणीवाला, अशा सामान्य व्यवसायांतील माणसांनी ही विद्या पुढे नेली.

आजची सिम्युलेशन लॅब ही याच परंपरेतील पुढची पायरी होय. मराठी रंगभूमीवर ज्याला रंगीत तालीम म्हणतात, तिच्याशी तिची तुलना करता येईल. रंगीत तालमीत वेषभूषा, प्रकाश, संगीत सारे प्रयोगासारखे असते. केवळ प्रेक्षक नसतात, म्हणून चूक झाली तरी नाटक पडत नाही. सिम्युलेशन लॅबमध्ये खाट, सलाइनचा खांब, ऑक्सिजन, औषधांची ट्रॉली सारे वॉर्डासारखे असते. खाटेवर माणसाऐवजी पुतळा असतो, म्हणून चूक झाली तरी कोणाचा जीव जात नाही. साधा पुतळा केवळ इंजेक्शन, नळी घालणे यांसाठी वापरतात. उच्च प्रतीच्या पुतळ्याची छाती वर-खाली होते, नाडी लागते, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या होतात. अशा पुतळ्याची किंमत लाखो रुपयांत असते.

दृक्‌श्राव्य साधनांचे काम येथून सुरू होते. सुसज्ज लॅबमध्ये छताला दोन-तीन कॅमेरे असतात : एक संपूर्ण खोली दाखविणारा, एक खाटेवर रोखलेला, एक औषधांच्या ट्रॉलीवर. खाटेच्या वर मायक्रोफोन असतात. शेजारी नियंत्रण-कक्ष असतो. मधल्या काचेतून आतले बाहेर पाहू शकतात, बाहेरचे आत पाहू शकत नाहीत. शिक्षिका त्या कक्षात बसून संगणकावरून पुतळ्याची नाडी वाढविते, रक्तदाब उतरविते, आणि पुतळ्याच्या उशाशी बसविलेल्या लहान ध्वनिक्षेपकातून रुग्णाच्या आवाजात बोलते. खाटेशेजारच्या पडद्यावर हृदयाचा आलेख आणि ऑक्सिजनचे प्रमाण उमटत असते. चित्र, आवाज आणि हे आकडे एकाच घड्याळाशी जुळवून एकत्र मुद्रित होतात. वर्गातील उरलेल्या विद्यार्थिनी दुसऱ्या खोलीत बसून तोच प्रसंग पडद्यावर थेट पाहतात. महत्त्वाचा क्षण आला की शिक्षिका कळ दाबून त्या जागी खूण करून ठेवते, म्हणजे नंतर तासभराचे चित्रण पालथे घालावे लागत नाही.

इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न व्यवहारी माणसाच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर मनुष्यस्वभावात आहे. धांदलीत माणसाची स्मृती दगा देते. नवजात बाळ रडत नसताना ‘अर्ध्या मिनिटात श्वास द्यायला घेतला’ असे विद्यार्थिनी मनापासून सांगते; चित्रणातील घड्याळ दोन मिनिटे दाखविते. ‘हात धुतले होते’ असे ती सांगते. कॅमेऱ्याला नळ वाहताना दिसत नाही. तिने ‘कोणीतरी ऑक्सिजन लावा’ असे म्हटलेले असते. चित्रणात तिघीजणी एकमेकींकडे पाहत उभ्या असतात, कारण ‘कोणीतरी’ या नावाची त्यांच्यात कोणी नव्हती. शिक्षिकेने शंभर वेळा सांगितलेली गोष्ट विद्यार्थिनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहते, तेव्हा तिला सांगावे लागत नाही.

तथापि येथे एक सावधगिरीचा इशारा द्यावयास हवा, आणि तोच या व्याख्यानाचा गाभा आहे. कॅमेरा शिकवीत नाही. कॅमेऱ्यानंतरचे बोलणे शिकविते. कॅनडातील टोरंटो येथे भूलशास्त्राच्या ४२ निवासी डॉक्टरांवर झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटाशी प्रसंगानंतर कोणतीही चर्चा केली नाही; दुसऱ्या गटाशी केवळ तोंडी चर्चा केली; तिसऱ्या गटास चित्रण दाखवून चर्चा केली. चर्चेवाचून राहिलेल्या गटाच्या कौशल्यात सुधारणा झाली नाही. चर्चा झालेल्या दोन्ही गटांत झाली. मात्र चित्रण पाहिलेला गट केवळ तोंडी चर्चा झालेल्या गटाच्या पुढे गेला नाही. दृक्‌श्राव्य साधनांच्या जाहिरातीत हा निष्कर्ष सहसा आढळत नाही. परंतु ज्यांना आपला पैसा योग्य जागी लागावा असे वाटते, त्यांनी तो ध्यानात ठेवावा.

या प्रसंगोत्तर चर्चेस डिब्रीफिंग म्हणतात. प्रसंग दहा-पंधरा मिनिटांचा असला तर चर्चेला किमान तितकाच, पुष्कळदा त्याच्या दुप्पट वेळ द्यावा लागतो. ती चर्चा कशी चालवावी याचेही शास्त्र आहे. प्रथम मनावरचा ताण मोकळा होऊ द्यावयाचा. नंतर ‘काय घडले’ हे विद्यार्थिनीने सांगावयाचे. मग चित्रणाचा निवडक, एक-दोन मिनिटांचा भाग दाखवावयाचा आणि विचारावयाचे, ‘त्या क्षणी तुझ्या मनात काय चालले होते?’ हा प्रश्न ‘हे का केले नाहीस?’ या प्रश्नाहून फार वेगळा आहे. दुसऱ्या प्रश्नाने मुलगी गप्प होते. पहिल्याने ती विचार करू लागते. पुष्कळदा असे निघते, की तिला लक्षण दिसले होते, परंतु वरिष्ठ सिस्टर शेजारी असताना आपण कसे बोलावे या संकोचाने ती थांबली. हे अज्ञान नव्हे, हे भय आहे. आणि भयावरचा उपाय पाठ्यपुस्तकात नसतो. पूर्ण चित्रण एकटाक बसून दाखविणे मात्र कंटाळवाणे आणि पुष्कळदा अपमानकारक ठरते.

चांगल्या रीतीने चालविलेल्या सरावाचे फळ किती, याचा मोठा अभ्यास अमेरिकेत परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने केला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा परिचर्या-शिक्षणक्रमांतील विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यात आले आणि ६६६ विद्यार्थ्यांनी तो अखेरपर्यंत पूर्ण केला. एका गटाचे वॉर्डातील काम नेहमीप्रमाणे ठेवले. दुसऱ्याचे पंचवीस टक्के आणि तिसऱ्याचे पन्नास टक्के तास सिम्युलेशनने भरले. ज्ञान, कौशल्य आणि परवाना-परीक्षेतील यश या बाबतीत तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र शिक्षक या कामासाठी खास प्रशिक्षित असावेत आणि चर्चा शास्त्रशुद्ध व्हावी, या अटी त्या निष्कर्षाला जोडलेल्या आहेत.

भारतातही ही दिशा स्वीकारली गेली आहे. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाद्वारे २००९ पासून बाळास श्वास देण्याचे शिक्षण पुतळ्यांवर दिले जाऊ लागले. पुढे केंद्र सरकारने ‘दक्ष’ या नावाने कौशल्य-प्रयोगशाळा उभारल्या. हरियाणातील गुरुग्राम येथे परिचारिका-शिक्षकांसाठी राष्ट्रीय संदर्भ सिम्युलेशन केंद्र सुरू झाले. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा बी.एस्सी. नर्सिंगचा सत्र पद्धतीचा सुधारित अभ्यासक्रम जुलै २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाला, आणि त्यात कौशल्य-प्रयोगशाळा व सिम्युलेशन यांचे तास अभ्यासक्रमाचा भाग म्हणून समाविष्ट झाले. म्हणजे हा विषय आता केवळ धनाढ्य महाविद्यालयांच्या हौसेचा राहिलेला नाही.

आता प्रश्न असा, की या लॅबमध्ये महाड-पोलादपूरच्या मुलींनी कोणत्या प्रसंगांचा सराव करावा? परदेशी कंपनीच्या संगणकात तयार प्रसंग भरलेले असतात. त्यांतील रुग्ण, त्यांचे आजार आणि त्यांचे बोलणे तिकडचे असते. सावित्रीच्या खोऱ्यातील प्रसंग येथल्याच माणसांनी लिहावयास हवेत. त्याची चार उदाहरणे देता येतील.

पहिला प्रसंग नवजात बाळाचा. जन्मल्याबरोबर बाळ रडले नाही, तर पहिल्या साठ सेकंदांत त्यास कोरडे करून, चोळून, गरज पडल्यास अंबू बॅगने श्वास द्यावयाचा असतो. वैद्यकात या मिनिटास ‘सुवर्ण मिनिट’ म्हणतात. यासाठीचा पुतळा साधा असतो. त्यात कोमट पाणी भरले की त्याचे वजन आणि ऊब खऱ्या बाळासारखी होते, आणि हातातील फुगा दाबून त्याची छाती हलविता येते व नाळेची नाडी लावता येते. येथे कॅमेऱ्याचे काम एकच : कोपऱ्यात घड्याळ ठेवून ते एक मिनिट मुद्रित करणे.

दुसरा प्रसंग प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा. रक्त किती गेले याचा डोळ्यांनी केलेला अंदाज बहुधा प्रत्यक्षाहून कमी निघतो, आणि या चुकीने माता दगावते. याचा सराव करण्यासाठी मोजून घेतलेले लाल रंगाचे पाणी निरनिराळ्या कापडांवर ओततात आणि विद्यार्थिनींना अंदाज लिहावयास सांगतात. येथे कापडाची जात पाहिली पाहिजे. कोऱ्या सुती कापडाला खळ असते, ते पाणी सावकाश आणि कमी घेते. वारंवार धुतलेली जुनी नऊवारी पुष्कळ पाणी पिते आणि वरून फारसे दाखवीत नाही. सिंथेटिक साडीवरून पाणी ओघळून खाली जाते. पाव लिटर, अर्धा लिटर, एक लिटर अशा मापाने भिजलेल्या त्याच-त्याच कापडांची छायाचित्रे काढून भिंतीवर लावली, तर तो तक्ता कोणत्याही परदेशी पुतळ्याइतका उपयोगी ठरेल. त्याला खर्च जवळजवळ नाही.

तिसरा प्रसंग विंचूदंशाचा. आणि तो तर या भूमीचाच आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, कशाने मरतात हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्ररात्र बसून टिपले. हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी होते, हे त्यांच्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले. ती निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने गंभीर दंशातील मृत्यूंचे प्रमाण, जे पूर्वी शंभरात तीस-चाळीसपर्यंत असे, ते अगदी थोड्यावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. या कार्याचा पाया यंत्रात नव्हता, निरीक्षणात होता. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय, वेगाने चाललेली नाडी ही लक्षणे ज्याने हात लावून पाहिली, त्यालाच धोका वेळेवर कळला.

हाच प्रसंग लॅबमध्ये उभा करता येतो. पुतळ्याच्या हातापायांना बर्फाच्या पाण्यात भिजविलेले कापड गुंडाळावयाचे. पडद्यावर नाडी हळूहळू वाढवीत न्यावयाची. नियंत्रण-कक्षातील शिक्षिकेने घाटाखालच्या माणसाच्या बोलीत म्हणावयाचे, ‘सिस्टर, दुखायचं कमी झालंय, पण छातीत धडधडतंय.’ वेदना उतरली म्हणून निश्चिंत होणारी विद्यार्थिनी येथे फसते. दोन विद्यार्थिनींनी घाबरलेल्या नातेवाइकांची भूमिका घ्यावयाची. औषध दिल्यावर रुग्णास एकदम उठवून बसविले तर रक्तदाब कोसळून त्यास भोवळ येऊ शकते. एक नातेवाईक नेमके तेच करू पाहतो. चित्रणात पाहावयाचे ते एवढेच : विद्यार्थिनीचा हात रुग्णाच्या पायाला केव्हा लागला, आणि उठविणाऱ्या नातेवाइकास तिने कोणत्या शब्दांत थांबविले.

चौथा प्रसंग एकाच वेळी अनेक जखमी येण्याचा. या तालुक्यांना त्याचे स्मरण करून देण्याची आवश्यकता नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे डोंगर खचले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात बस कोसळून ३० जण मृत्युमुखी पडले. ऑगस्ट २०२० मध्ये महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड येऊन ऐंशीहून अधिक माणसे गेली; पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही बळी गेले, आणि त्याच वेळी महाड शहर पुराच्या पाण्यात होते. अशा वेळी प्रथम कोणाला पाहावयाचे, कोण थोडा वेळ थांबू शकते, हे ठरवून रुग्णांच्या हाताला लाल, पिवळी, हिरवी चिठ्ठी बांधावी लागते. मोठ्याने ओरडणारा रुग्ण पुष्कळदा थांबू शकतो; निपचित पडलेला थांबू शकत नाही. हे कळणे सोपे आहे, गोंगाटात आचरणे कठीण आहे. म्हणून लॅबमध्ये मुसळधार पावसाचा, रुग्णवाहिकेचा आणि आक्रोशाचा ध्वनी ध्वनिक्षेपकावर लावतात, दिवे मालवून विजेरीच्या उजेडात काम करावयास लावतात.

याच प्रसंगाला जोडून एक अगदी स्वस्त सराव सुचविता येतो. रुग्ण पुढे माणगाव, अलिबाग किंवा मुंबईस पाठविताना परिचारिका दूरध्वनीवर जे सांगते, त्यावर पुढची तयारी अवलंबून असते. आता रुग्णाची स्थिती काय, पूर्वपीठिका काय, तपासणीत काय आढळले आणि काय हवे आहे, अशा चार भागांत एका मिनिटात सांगण्याची पद्धत रूढ आहे. तिचे मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांत आहे. हा एक मिनिट साध्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मुलीला तिचा तिलाच ऐकवावा. पहिल्या वेळी बहुधा अर्धा वेळ ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यात जातो, आणि रक्तदाब सांगावयाचा राहून जातो. चौथ्या-पाचव्या वेळी निरोप नीट होतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. काचेची भिंत, छताचे कॅमेरे आणि लाखोंचा पुतळा नसला म्हणून सराव अडत नाही. तिकाटण्यावर ठेवलेला एक मोबाइल, रुग्णाच्या नाडीचे आकडे दाखविणारा एक टॅब्लेट, एक प्रोजेक्टर किंवा मोठा दूरदर्शन-संच, नवजात बाळाचा साधा पुतळा, अंबू बॅग आणि चादरी एवढ्या साहित्याची एक फिरती पेटी तयार होऊ शकते. अशी पेटी बिरवाडीस, वरंधला, पितळवाडीस, पळचिलला जाऊ शकते. जी परिचारिका वीस वर्षांपूर्वी शिकून बाहेर पडली, तिला पुन्हा शहरातील लॅबमध्ये बोलाविणे अवघड आहे. लॅबनेच तिच्याकडे जाणे सोपे आहे. कौशल्य वापरात नसले की गंजते. वर्षातून एकदा दिवसभर केलेल्या सरावापेक्षा महिन्यातून एकदा अर्धा तास केलेला सराव अधिक टिकतो.

दृक्‌श्राव्य साधनांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थिनी सतरा-अठरा वर्षांच्या, खेड्यापाड्यांतून आलेल्या असतात. आपले चुकतानाचे चित्रण कोणाच्या तरी मोबाइलवर फिरेल, ही धास्ती त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना असते, आणि ती अनाठायी नाही. म्हणून नियम लेखी असावेत. चित्रणापूर्वी विद्यार्थिनीची संमती घ्यावी. चित्रण संस्थेच्या यंत्रातच राहावे. शिक्षिकेच्या वा अन्य कोणाच्या खासगी मोबाइलवर जाऊ नये. चर्चा संपल्यानंतर ठरावीक मुदतीत ते पुसून टाकावे. शिकण्यासाठी केलेले चित्रण गुण देण्यासाठी किंवा शिक्षा करण्यासाठी वापरू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये देशात संमत झाला. परंतु कायद्याच्या आधीही हा विश्वासाचा प्रश्न आहे. एकदा विश्वास गेला की मुली कॅमेऱ्यापुढे अभिनय करतात, आणि अभिनयातून कोणी शिकत नाही.

पुतळ्याची मर्यादाही ओळखावी. पुतळ्याला लाज नसते, भीती नसते, घरी लहान लेकरू नसते. अंग उघडे पडल्यावर मान वळविणारी म्हातारी, बिल किती होईल या काळजीने दुखणे लपविणारा शेतमजूर, हे पुतळ्यावर शिकता येत नाही. त्यासाठी वॉर्डच हवा. लॅबने वॉर्डाची जागा घ्यावयाची नाही; वॉर्डात पहिले पाऊल टाकणाऱ्या मुलीचा हात थरथरू नये, एवढी व्यवस्था करावयाची आहे.

अखेरीस दानशूर मंडळींसाठी दोन शब्द. आरोग्यसेवेस देणगी देण्याची परंपरा या भागातील व्यापारी समाजात जुनी आहे. देणगी देताना डोळ्यांना दिसणारी वस्तू द्यावी, तिच्यावर नावाची पाटी असावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु पुतळा घेतला आणि त्याची बॅटरी बदलण्याची तरतूद नाही, कॅमेरे बसविले आणि ते चालविणारा माणूस नाही, यंत्र आले आणि चर्चा घेण्याचे शिक्षण शिक्षिकेला मिळाले नाही, तर वर्षभरात त्या खोलीस कुलूप लागते आणि आत धूळ साचते. म्हणून देणगीचा विचार तीन हिश्श्यांत व्हावा. एक हिस्सा साहित्याचा. दुसरा, शिक्षिकेस डिब्रीफिंगचे रीतसर प्रशिक्षण घेण्यासाठी पाठविण्याचा. तिसरा, पुढील पाच वर्षांच्या दुरुस्तीचा, विजेच्या पर्यायी सोयीचा आणि फिरत्या पेटीच्या प्रवासाचा. यांतील दुसऱ्या हिश्श्यावर पाटी लावता येत नाही. पण टोरंटोच्या त्या अभ्यासाने दाखविले त्याप्रमाणे सारे फळ त्याच हिश्श्यात आहे.

साधन विकत मिळते. ते वापरणारा हात आणि त्या हाताला प्रश्न विचारणारा शिक्षक घडवावा लागतो. पावसाळ्याच्या एखाद्या रात्री घाट बंद असेल, दिवे गेलेले असतील आणि पितळवाडीच्या केंद्रात एखादे बाळ जन्मून रडले नसेल, तेव्हा तेथील परिचारिकेपाशी कॅमेरा नसेल, पडदा नसेल, शिक्षिकाही नसेल. तिच्यापाशी असेल तो आधी केलेला सराव, आणि साठ सेकंद. तो सराव तिच्या हाती वेळेवर देणे समाजाच्या आवाक्यातले आहे. ते व्हावे, एवढीच अपेक्षा.